दुर्मीळ प्राणी आणि पंपरूममागचे बेडूक

आमच्या जुईनगरच्या सोसायटीचा सेक्रेटरी पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातो. त्याने घरात ॲक्सोलॉटल आणला तेव्हा तर विचारूच नका. हा मेक्सिकोतला सॅलॅमँडर. दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकाच्या भाऊबंदांतला. मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून येता-जाता मला ऐकवायचा, "मॅडम, तिकडच्या तळ्यात आता नावाला उरलेत. रेअर पीस आहे."

खरं सांगते, मला तो प्राणी आवडला नाही. बेडकाला पाय फुटतात, शेपूट जिरतं, तो जमिनीवर येतो आणि स्वतःचं पोट स्वतः भरतो. हा म्हातारा झाला तरी पाण्यातच. पिल्लाचे कल्ले मानेवर मिरवायचे आणि गार टाकीत आयतं गिळायचं. अगदी मालकासारखा.

पंपरूममागे पावसाचं पाणी साचतं. तिथल्या बेडकांच्या ओरडण्याची कुणीतरी तक्रार केली आणि या शहाण्याने कमिटीला न विचारता वाळवीचं औषध आणलं. सकाळी मी खाली उतरले तेव्हा बेडूक पोट वर करून तरंगत होते आणि हा उघड्या हातांनी दुसरा कॅन रिकामा करत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाटेल ते बोलले.

"एवढं काय चिडता मॅडम? बेडूक काय, ढिगाने आहेत. जपायचं म्हणजे काय, ते वर चला, दाखवतो."

पिकतं तिथे विकत नाही, ते असं. भांडण अर्धं सोडवेना, म्हणून मी वर गेले.

टाकीचं झाकण काढून तो म्हणाला, "बघा, माझा हात ओळखतो." हाताला औषधाचा वास मारत होता. बेडूक असो की ॲक्सोलॉटल, दोघांची कातडी सारखीच. पाण्यात असेल ते थेट अंगात जातं. हे मला झोपेतही सांगता येईल. 'हात धुवा,' एवढंच म्हणायचं होतं. तो बाही वर सारत होता, म्हणजे वेळही होता. मी बोलले नाही. कळू दे एकदा याला, असं मनात आलं आणि बरंसुद्धा वाटलं.

त्याने हात पाण्यात घातला. तो प्राणी खरंच पोहत त्याच्या बोटांपाशी आला.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी माझ्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"गेला हो मॅडम. पाणी, थंडावा, खाणं, सगळं नीट होतं. तुम्ही यातल्या जाणकार. माझं काय चुकलं?"

कारण सांगितलं असतं तर 'तेव्हाच का नाही बोललात' हेही त्याने विचारलं असतं.

"नाजूक जात असते ती," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

या पावसाळ्यात त्याने पंपरूममागे पुन्हा औषध ओतलं. मी गॅलरीतून बघत राहिले. खाली जाऊन भांडायला मला तोंड नव्हतं.