पाचच्या आकड्याजवळचा डाग

"हात दोन आणि घड्याळं अकरा," हे बायको मला जेवताना हमखास ऐकवते. तरीही बारावं आणायला मी शनिवारी सकाळी जळगावहून निघालो. साक्रीचे नाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर, आपलं चावीचं घड्याळ विकणार होते. त्यांच्या पुतण्याने फोटो पाठवला होता. देवनागरी आकडे, आणि पाचजवळ मुरलेला पिवळा डाग! आम्हा जुन्या घड्याळांच्या वेड्यांना असा डाग दिसला की लाळ सुटते. "असं अस्सल म्हातारपण बघायला मिळत नाही," असं मी मित्रांना सांगूनही टाकलं होतं.

जळगाव ते धुळे एसटीने अडीच तास धरा, पुढे साक्रीला दीड. जाणं-येणं आणि जेवण हजाराच्या आत बसतं. धुळ्यात स्टँडजवळ शेवभाजी खाणार असाल तर पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता.

साक्रीला नानांनी पाण्याच्या तांब्याआधी घड्याळाची डबी पुढे केली. आत पांढरंफटक, चकचकीत घड्याळ. डागाचा मागमूस नाही.

"पाव्हना जयगावथून येनार, म्हनीसन धुयाले जाईसन बठ्ठं नवं करी आनं," नाना खुशीत म्हणाले. पट्टा, काच, तबकडी, सगळं नवं.

पाहुण्यापुढे मळकं काही ठेवायचं नाही, ही इथली रीत. त्या रीतीने माझा घात केला. नानांच्या बायकोने, अक्कांनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. "मी सांगं व्हतं, राहू द्या म्हनीसन," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ठेच्याचं नव्हतं.

"नाना, मला तो डागच पाहिजे होता," मी शेवटी बोलून टाकलं.

नानांनी वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग टोपी चढवली. "चला धुयाले."

पंच्याहत्तरी उलटल्यामुळे नानांना तिकीट माफ. तरी साक्री ते धुळे ते त्या बिचाऱ्या कंडक्टरला सुट्टे पैसे कसे सांभाळायचे ते शिकवत होते.

धुळ्याच्या घड्याळजीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्यापुढे उपडा केला. पन्नासेक जुन्या तबकड्या. नाना थरथरत्या बोटांनी एकेक उलटत होते. या बोटांनी चावी भरता येईना, म्हणून तर घड्याळ विकायला काढलं होतं. अर्ध्या तासाने त्यांनी एक उचलली.

"हाई देखा. हाई हयद शे."

हळद! लग्नाआधीच्या टिळ्यात नानांना सासऱ्यांनी हे घड्याळ दिलं आणि नवरदेवाने ते हळदीच्या आंघोळीलासुद्धा काढलं नाही. पाणी आत गेलं, पाचजवळ पिवळं राहिलं. मी त्याला म्हातारपण समजत होतो.

घड्याळजीने जुनी तबकडी परत बसवली. नानांनी घड्याळ मनगटावर चढवलं, काचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, पांढरं व्हतं तवलोंग विकी टाकतू. आते नही."

मी चिडलो, खोटं कशाला बोलू? गप्प बसलो असतो तर एव्हाना घड्याळ खिशात असतं. अक्कल पाजळायला गेलो आणि हात चोळत राहिलो. "मग चावी कोण भरणार?" मी खवचटपणे विचारलं.

"अक्का भरी. तिना बापनंच शे ना!" मग माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "मना मांगे तुमलेच. अक्काले सांगी ठेवसू." म्हणजे नानांच्या माघारी घड्याळ माझं.

घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, "बारावं कुठाय?" घड्याळजीने फुकट दिलेली पांढरी तबकडी मी टेबलावर ठेवली. ना काटे, ना चावी. ती इतकी हसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

तबकडी आता पेटीतल्या बाराव्या खणात आहे. नाना दर रविवारी फोन करून सांगतात, अक्कांनी चावी भरली. एरवी एखादं घड्याळ हाती यायला दोन दिवस उशीर झाला तर मला झोप लागत नाही. हे मात्र उशिरा मिळो. फार उशिरा मिळो.