घनश्यामभाऊ टँगोला जातात

घनश्यामभाऊंचा जन्म गेला बल्लारपुरात, एका कारखान्याच्या गेटवर. येणाऱ्याजाणाऱ्याचे डबे उघडायचे, थैल्या चाचपायच्या आणि प्रत्येकाला एकच सवाल: कुठून आला, कुठी चालला? पुढे वर्दी उतरली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं झालं. घरी येणाऱ्या दूधवाल्यालाही ते आधी नखशिखांत पाहायचे. बाजारात भोपळा घेतला तर तोही उलटून पाहायचे. भोपळ्यानं काय चोरलं होतं, ते त्यांनाच ठाऊक!

अशा माणसाची बायको दर रविवारी दुपारी चांगली साडी नेसून, पिशवीत वेगळ्या चपला टाकून चंद्रपूरला जायला लागली, तर त्याच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल? इंदिराबाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांचे गुडघे आखडले तेव्हा व्यायाम करून घेणाऱ्या दीपिकानंच सांगितलं होतं, टँगोला या म्हणून. जोडीनं करायचा हा परदेशी नाच ती पुण्याहून शिकून आली होती, आणि तिच्या हॉलवर मास्तर, नर्स, शिंपी, सगळेच यायचे.

"नाचून गुडघे बरे होते काय?" भाऊ म्हणाले. "मी बी येतो."

"या ना. कोण नाई म्हणते?"

बायको इतक्या सहज हो म्हणाली, याचाच त्यांना जास्त संशय आला.

हॉलवर दीपिकानं त्यांना तिथली रीत समजावली. "काका, इथे तोंडानं कोणाला नाचायला बोलवायचं नाही. लांबूनच पाहायचं. समोरच्यानं मान हलवली तर उठायचं, नजर वळवली तर समजून घ्यायचं. म्हणजे तोंडावर नाही म्हणायची पाळी कोणावर येत नाही."

भाऊंनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. त्यांचं सगळं लक्ष इंदिराबाईंकडे. बाईंनी समोर पाहिलं. पलीकडून वरोऱ्याच्या धनराज शिंप्यानं पाहिलं. दोघांच्या माना हलल्या, आणि लागले की नाचायला! शिंप्याचा हात बाईंच्या पाठीवर. भाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांनी इशारे करतात ते चोर, एवढं ते गेटवर शिकले होते.

मग त्यांनी भिंतीला खुर्ची लावली आणि ड्यूटीवर बसले. एकेकाला निरखायचं, पोटात काय आहे ते ओळखायचं. समोर रुखमाबाई बसल्या होत्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. ही त्या शिंप्याची कोण लागते, असं मनात येऊन भाऊंनी जी नजर रोखली ती हलवलीच नाही. रुखमाबाई आधी लाजल्या. मग हसून त्यांनी मान हलवली, पदर खोचला आणि हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"मी कुठी बोलावलं तुमाले?" भाऊ गेटवरच्या आवाजात म्हणाले.

गाणं चालू राहिलं, पण पाय थांबले. जिथं कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही, तिथं या गृहस्थानं एका भल्या बाईला भर हॉलमध्ये नाही म्हटलं होतं. रुखमाबाईंचं तोंड एवढंसं झालं. इंदिराबाईंनी धनराजचा हात सोडला, येऊन रुखमाबाईंना धरलं आणि उरलेलं गाणं त्यांच्याचबरोबर नाचल्या.

आपलं चुकलं, हे भाऊंनाही कळलं, आणि फार वाईट वाटलं. पुढचं गाणं लागलं तसं त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनीही त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि शांतपणे नजर वळवली.

परतीच्या बसमध्ये भाऊंना राहवलं नाही. "मलेच काऊन नाई म्हटलं? त्या शिंप्याले तर हो म्हणते."

"तुमी पाहून राह्यले की मले वाटते, आता थैली उघडून दाखवा लागन," इंदिराबाई म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून तेच. शेजारी गेली, तर इतका वेळ काऊन लागला? माहेरी गेली, तर कोण कोण भेटलं? धनराजभाऊ मले काईच इचारत नाई. तिथी कोणीच इचारत नाई. म्हणून जाते मी."

भाऊंनी बोलायला तोंड उघडलं. पण जे ओठावर आलं तोही सवालच निघाला, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं.