गावपळणीत चालू राहिलेला रेडिओ

"ता बंद करा रे! कोण तरी जावा आनि ता मशीन बंद करा! हसतास कित्या, मेल्यांनो?"

माझ्या मित्राची आई झोपडीबाहेर उभी राहून अख्ख्या माळावर ओरडत होती. आपला रेडिओ तिने केव्हाच टोपलीखाली कोंबला होता. पण बाकीच्या झोपड्यांतून तोच आवाज, म्हणजे माझाच, पुन्हा सुरू झाला होता: "आता आयका आमच्या गावचो कावळो! ह्येचा गाणा आयकान बांगड्यांनी जीव दिल्यानी, जाळ्याची गरजच उराक नाय. ह्येका चेडू कोण देतलो?" आणि मग मित्राचं गाणं.

आमचा गाव दर काही वर्षांनी गावपळण पाळतो. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या सगळी वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतात. परतीचा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. तीन दिवस गाव देवाचा.

हे रेडिओ केंद्र माझं आणि त्या मित्राचं. बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर खोली, शेजारच्या माडाला बांधलेला अँटेना. परवाना शेतीचा, मासेमारीचा आणि आरोग्याचा. वाऱ्याचा अंदाज आणि काजूवरची फवारणी यांच्या फटीत आम्ही रॉक घुसवला. पहिल्या दिवशी गिटार वाजली तेव्हा चार माडांचे नारळ आपणहून खाली आले. मी स्वतः गोळा केले, खोटं कशाला बोलू!

गिटार त्याची होती. बापाच्या होडीवर त्याने मालवणीत गाणं केलं, आणि आचऱ्यापासून मिठबावापर्यंत लोक तेच मागू लागले. माझी दोन गाणी कुणी चुकूनही मागितली नाहीत. आवाज बदलून मीच फोन केले, ते सोडून.

त्या गावपळणीत दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बघायला मुलीकडचे झोपडीवर येणार होते. वय चाळिशीला टेकलेलं, आजवरची सगळी स्थळं परत गेलेली. तो म्हणाला, "चायच्या टायमाक माझा गाणा लाव हां." गावात माणूस नको, यंत्र चालतं, असं आम्ही मानकऱ्यांकडून वदवून घेतलं. निघण्याआधी मी दुसऱ्या दुपारी चहाच्या वेळी सुरू होईल अशी गाण्यांची यादी मशीनवर लावली. त्याच्या गाण्याच्या आधी माझी ती कावळ्याची वाक्यं घातली, 'ह्याला मुलगी कोण देणार' इथपर्यंत. मत्सर? छे छे! नुसतं पोटात दुखत होतं.

एकदाच वाजेल असा माझा हिशेब. पण यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मी विसरलो. एरवी दिवसातून दहादा वीज जायची, म्हणून मोठ्या दिमाखात बॅटरी आणलेली. तिने तीन दिवस डोळा मिटला नाही.

पाहुणे चहा पीत असतानाच कावळा ओरडला. मुलगी हसली. तिच्या बापाने कप खाली ठेवला. "आमका तशी घाय नाय," म्हणाला, आणि ते गेले. संध्याकाळपर्यंत पोरं मित्राच्या मागे काव काव करत फिरू लागली. मोठी माणसं पोरांना दटावायची आणि तोंड फिरवून हसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई ओरडून ओरडून खाली बसली, तेव्हा तो माझ्याकडे आला. "ओढ्यावरल्या साकवावरना गेलंस तर इस मिनटांचो रस्तो. जा आनि बंद कर."

"कौल खंय झालोहा?" मी म्हटलं. उभ्या आयुष्यात मी देवाला एवढा कधी भ्यालो नव्हतो.

"मगे मी जातंय."

"तू गेलंस तर गाव तुका वाळीत टाकतलो," मी म्हटलं, आणि चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. तो थांबला. झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानंतर कावळा आणखी सात वेळा ओरडला.

कौल झाला तसा तो सगळ्यांच्या पुढे निघाला. मी गच्चीवर पोचलो तेव्हा खोलीत चिडीचूप होतं. तो खाली बसून वायरी गुंडाळत होता.

"मस्करी केलंय रे," मी म्हटलं, आणि मशीनकडे हात नेला.

"तापलाहा," तो म्हणाला. "हात लावू नको."