एक आण्याचा चहा

वेलची घातलेल्या चहाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली दुबईच्या देरा भागातली ती टपरी आठवते. सासरे मुंबईहून पहिल्यांदाच दुबईला आले होते आणि मी सवयीने बोलून गेले, "चहा एक दिरहम, म्हणजे बारा रुपये." झालं! "बारा? बावन्न साली गिरगावात इराण्याकडे एका आण्यात मिळायचा, वर तबकडीवरची गाणी फुकट," असं त्यांनी टपरीवाल्याला हिंदीत खडसावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं; माझी लेक कुजबुजली, "आजोबा, प्लीज, नॉट हिअर." तेवढ्यात बाकावरचे पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक म्हातारे अरब हिंदीतच म्हणाले, "हबीबी, तब यहाँ भी वही आना चलता था." सासऱ्यांनी पाकिटात जपलेला नागमोडी कडेचा आणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अरबांनी तो उन्हात धरून पाहिला, जपून खिशात टाकला आणि आमच्या तिघांच्या चहाचे पैसे देऊन ते म्हणाले, "हिसाब खलास!" निघताना सासरे ऐटीत म्हणाले, "काय सूनबाई, मिळाला ना एका आण्यात?" आता माझी नात "आजी, नॉट हिअर" म्हणते, तेव्हा मी जुने भाव आणखी मोठ्याने सांगते, बाकावर कुणीतरी ऐकत असेल.