सुधीरसाठी मी निवडलेला आवाज

हे मी आजवर एकाही माणसाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, सख्ख्या भावाच्या नाही. देवापुढे बसून बोलावं म्हटलं तर तेही जमत नाही — कारण ते घडलं तेव्हा समोर नवरात्रातल्या माताजीच होत्या, त्यांना वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगतो. तुम्ही सुधीरला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

सुधीर आणि मी दांडिया बाजारात एका गल्लीत वाढलो. पुढे त्याला शहराबाहेर नंदेसरीच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका केमिकल कंपनीत प्लांटवर नोकरी लागली, मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही बँड चालवायचो. लग्नात जुनी फिल्मी गाणी, नवरात्रात गरबा. तो बेस गिटार वाजवायचा, मी कीबोर्ड. वाजवण्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी सरस. पण कान माझा चांगला, असं मी सारखं म्हणायचो आणि तो बिचारा ते मान्य करायचा. बेस त्याचा, पण तो कसा ऐकू यावा हे मी ठरवायचो. हे तेव्हाही मला खटकलं नाही.

मला वेड होतं जुन्या आवाजाचं. पूर्वीच्या रेकॉर्डवर बेस कसा भरदार, गोल, थोडासा फाटलेला ऐकू यायचा — तसा. तो आवाज व्हॉल्व्हच्या अॅम्पलिफायरलाच येतो, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या. सुधीरला हवा होता नवा, हलका, एका हातानं उचलता येईल असा अॅम्प. मी त्याला गावंढळ म्हटलं. मग बंद पडलेल्या एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्राचा जुना अॅम्प मी शोधून काढला. स्पीकरची कॅबिनेटं दोन होती. एकात मोठा एकच स्पीकर, दुसऱ्यात लहान आठ. सुधीर पहिल्याकडे बघत होता, मी दुसरं उचललं. आठ स्पीकरांचा तो डबा त्याच्या जिन्यातून चढवताना कठडा तुटला. त्याची बायको मनीषा म्हणाली, एवढा फ्रिज आणलात, निदान पाणी तरी गार करेल का? सगळे हसलो.

अॅम्पला दोन पिनांचा जुनाट प्लग होता. दुरुस्तीवाल्यानं तो काढून तीन पिनांचा बसवला, हिरवी वायर अर्थिंगला जोडली, आणि मला बजावलं की ही कधी काढू नका. आतले भाग म्हातारे झालेत, उद्या एखादा गेला तर या वायरीमुळे फक्त फ्यूज उडेल. ती नसेल तर करंट गिटारच्या तारांमध्ये उतरेल, वाजवणाऱ्याच्या हाताखाली. हे मी ऐकलं. नीट ऐकलं.

आणि तरीही — कसं सांगू? रेकॉर्डिंगला बसलो की त्या अॅम्पमधून सतत एक घूंघूं येई. ज्या आवाजासाठी एवढा आटापिटा केला त्यावर ही माशी! वाजवणाऱ्या लोकांत यावर एक चोरटा इलाज असतो, सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे एकमेकांना करू नको म्हणतात. एका दुपारी सुधीर फर्स्ट शिफ्टला होता. मी त्याच्या घरी गेलो, प्लग उघडला, हिरवी वायर सोडवली आणि टेप गुंडाळून आत दाबून टाकली. घुमणं थांबलं. आवाज असा स्वच्छ आला की माझ्या अंगावर काटा आला. सुधीरला मी बोललो नाही. तो नको म्हणाला असता.

त्या नवरात्रात गरब्यालाही मी तोच अॅम्प न्यायला लावला. "जवा दे ने," सुधीर म्हणाला, "राहू दे, गरब्यात कोण ऐकणार आहे व्हॉल्व्हचा आवाज?" मी ऐकणार होतो. दुसरं कुणी नाही.

आमच्याकडे गरबा मातीत खेळतात, अनवाणी. धूळ बसावी म्हणून मैदानावर आधी पाणी मारलेलं होतं, स्टेजच्या फळ्याही ओल्या. आरतीला आयोजक माइकवरून गुजरातीत म्हणाले, "चालो भाई, चंपल काढी नाखो, माताजीनी आरती छे." स्टेजवरच्या सगळ्यांनी चपला काढल्या. सुधीरनंही. आरतीत कोरसला तो माइककडे वाकला, त्याचे ओठ माइकला लागले, आणि तो तसाच राहिला. डावा हात तारांवर आवळलेला, तोंड उघडं. लोकांना वाटलं, अंगात आलं.

मी धावलो आणि अॅम्पचा तो एकच प्लग उपटला. त्या सगळ्या वायरींच्या गुंत्यातून नेमका तोच. पुढे कित्येक दिवस लोक माझी पाठ थोपटत होते — काय प्रसंगावधान, नाहीतर गेला होता तो! मी एवढा चपळ कसा झालो, हे कुणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, म्हणून झालो.

त्याला दवाखान्यात नेलं. सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं, असं म्हणून मी मागे राहिलो. माझा मित्र शुद्धीवर येतो की नाही ते माहीत नव्हतं, आणि मी स्टेजच्या मागे बसून प्लग उघडला, टेप सोलली, हिरवी वायर होती तशी जोडली. हात थरथरत नव्हते. याचीच मला जास्त लाज वाटते. मांडवाच्या इलेक्ट्रिशियननं नंतर प्लग पाहिला, बरोबर आहे म्हणाला. मग कारण म्हणून राहिलं काय, सुधीरचे उघडे पाय आणि ओली जमीन.

दवाखान्यात मनीषानं मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही तिथेच होतात ना? झालं तरी काय?"

मी म्हणालो, "वहिनी, मी त्याला सांगितलं होतं, आरती असली तरी वाजवताना पायात चप्पल ठेव. त्यानं ऐकलं नाही."

मला कुणी हे बोलायला भाग पाडलं होतं का? नाही. प्लग तर नीट झाला होता, कुणाचा संशय नव्हता. तरी मी बोललो. दोष कुणाच्या तरी अंगावर पक्का बसलेला मला हवा होता, आणि सगळ्यात गरीब माणूस तोच होता, पलंगावर पडलेला.

सुधीर वाचला. डाव्या हाताची तीन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. प्लांटवरून काढून त्याला गेटवर बसवलं. बेस त्यानं विकून टाकला. त्याला त्या रात्रीचं, आरतीच्या आधीचं काहीच आठवत नाही, म्हणून माझं सांगणं त्यानं आपलं मानून घेतलं. मनीषा चिडली की अजून म्हणते, भाऊजींचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. तो मान खाली घालतो. मी समोर बसून चहा पितो.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे सगळं सांगण्याला काही मोल नाही. त्याची मुलगी ऋचा कॉलेजात आहे, तिनं बेस वाजवायला घेतलाय. तिच्यासाठी अॅम्प निवडायला तो मलाच न्यायला आला — आवाजातलं तुलाच कळतं, म्हणाला. तो खाली स्कूटर लावत होता, ऋचा वर आली आणि दारातच म्हणाली,

"काका, एक विचारू? बाबांना तुम्ही खरंच सांगितलं होतं चपलेचं? त्यांना आठवत नाही. ते रात्ररात्र बसून आठवायला बघतात."

मला एक शब्द बोलायचा होता. नाही. एवढाच. त्या पोरीनं तो बापापर्यंत नेला असता आणि तो माणूस सुटला असता.

"हो बेटा," मी म्हणालो, "दोनदा सांगितलं होतं."

दोनदा. ते मी तिथल्या तिथे वाढवलं.

सुधीर जिना चढून आला. ती त्याला हळू आवाजात म्हणाली, "बाबा, काकांनी सांगितलं होतं तुला. दोनदा."

"सांगितलंच असणार गं," तो म्हणाला. "हा कशाला खोटं बोलेल?"

मग आम्ही तिघं दुकानात गेलो. तिच्यासाठी अॅम्प मीच निवडला.