टाकी दिसते

माझी वहिनी वेधशाळेत नोकरीला आहे. वेधशाळा म्हणजे दोन खोल्या, वर गच्ची आणि समोर वाळवंट. दर तासाला गच्चीवर जायचं आणि किती लांबचं दिसतं ते फोनवर कळवायचं, हे तिचं काम. त्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत: जवळ पाण्याची टाकी, मग वीटभट्टीचं धुराडं, शेवटी टेकडी. टाकी दिसेनाशी झाली की वाळवंटातला रस्ता बंद करतात.

धुळीवर तिचा फार राग. "ढगात धूळ जास्त झाली की थेंब बारीकच राहतात, भाऊजी, खाली पडत नाहीत. पाऊस नाही म्हणून जमीन सुकते, वारा सुटला की आणखी धूळ वर. चोर तो चोर, वर शिरजोर!"

यावर टँकर चालवणारा माझा दादा हसायचा. "घरात समोरचा चष्मा सापडत नाही हिला, आणि म्हणे टेकडी बघते!"

एका दुपारी धूळ उठली. वहिनीने गच्चीवरून पाहिलं आणि टाकी दिसते असं कळवलं. टाकी तेव्हा धुळीत पार बुडाली होती. पण इतकी वर्षं टाकी त्याच जागी पाहिलेल्या तिच्या डोळ्यांना ती तिथे दिसली, एवढंच. रस्ता उघडा राहिला. टेकडीखालच्या वळणावर दादाचा टँकर समोरच्या ट्रकवर आदळला. दादा गेला.

चौकशीत साहेब म्हणाले, सरावलेल्या नजरेला असं होतं. तिची नोकरी राहिली. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही, दुसरंही काही आलं नाही. मी तिचा डबा पोचवत राहिलो. ती आता खूण पाहिली की डोळे मिटते आणि पुन्हा पाहते.

परवा बऱ्याच महिन्यांनी पाऊस झाला. डबा घेऊन गच्चीवर गेलो तर हवा धुऊन निघालेली. टाकी, धुराडं, टेकडी, टेकडीखालचा रस्ता, सगळं लख्ख.

"बरं झालं ना वहिनी, धूळ बसली?" मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"धूळ असली की ते वळण दिसत नाही, भाऊजी."

मग तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं आणि फोन उचलून कळवलं, "सगळं दिसतंय."