उभ्यानं वाचणारे कुलगुरू

आमचे कुलगुरू आधी कायद्याचे मास्तर होते आणि मोठ्या खुर्चीत आल्यावरही मास्तरच राहिले. प्रत्येक कागद ते उभ्यानं वाचायचे, ओळीवर बोट ठेवून, अगदी शेवटपर्यंत. मी त्यांचा टंकलेखक. कुणाविरुद्ध टिपणी नेली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "त्याचं ऐकून घेतलं का वो?" शिपाई उशिरा आला तरी हेच. मला वैताग यायचा. उशिरा येणाऱ्याचं काय ऐकायचं असतं!

मग अक्कलकोटकडच्या एका मुलीची फाईल आली. वसतिगृहात पाणी नाही म्हणून ती दारात धरणं धरून बसली होती. तिला परीक्षेला बसू देऊ नका, असा वरून फोन आला. साहेब म्हणाले, "लेखी द्या की." पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. साहेबांचा काही चढला नाही. "लई सोपं हाय. कारण लिहा, खाली सही करा. मग मी तिचं ऐकतो आणि ठरवतो."

कागद आलाच नाही. मुलगी परीक्षेला बसली. साहेबांची मुदत संपली तेव्हा निरोप समारंभाला वरचं कुणी फिरकलं नाही. साहेब शुक्रवार पेठेतल्या घरी गेले.

परवा नवे साहेब म्हणाले, "फोन आलाय. त्या कंत्राटी शिक्षकाला काढल्याचं पत्र टाईप करा."

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मी कळफलकावरचे हात काढले आणि उभा राहिलो.

"त्याचं ऐकून घेतलं का वो, साहेब?"